तिचे बावीस बरोबर होते

ताई, नमस्कार.

माझं वय सत्तेचाळीस. शाळेत असताना गणिताच्या पेपरच्या आदल्या रात्री मला ताप यायचा. खोटा नाही, थर्मामीटरवर दिसायचा. शाळा सुटली तसा तो विषयही सुटला. हिशेब जमतो, पण कुठे 'क्ष' दिसला की अजूनही पोटात गोळा येतो.

मला दहा वर्षांची मुलगी आहे. गेल्या महिन्यात तिने विचारलं, "बाबा, दिवसभरात घड्याळाचे दोन काटे एकमेकांवर किती वेळा येतात?" मी मोबाइलमधून मान वर न काढता म्हणालो, "चोवीस." दर तासाला एकदा, त्यात काय एवढं. तिने बंद पडलेलं एक जुनं घड्याळ शोधून काढलं, त्याची मागची कळ फिरवत बसली आणि अर्ध्या तासाने येऊन म्हणाली, "बावीस." मी म्हटलं, नीट मोज. तिने पुन्हा मोजलं, पुन्हा बावीस. मी वैतागलो. "नसते उद्योग सोड आणि गृहपाठ कर," म्हणालो. ती काही न बोलता उठून गेली.

रात्री सगळे झोपल्यावर मी ते घड्याळ घेऊन बसलो. बावीसच.

त्यानंतर तिने मला एकही प्रश्न विचारलेला नाही. गणितात मजा असते, रोजच्या जगण्यात गणित भरलेलं असतं, असं लोक म्हणतात. मला ती मजा कधी दिसली नाही. या वयात दिसेल का? आणि मुलीचं माझ्यासारखं होऊ नये म्हणून काय करू?

– एक चुकलेला बाप

*

नमस्कार.

तुमचं पत्र वाचून झाल्यावर मी भिंतीवरचं घड्याळ खाली उतरवलं, सेल काढला आणि कळ फिरवत मोजत बसले. बावीस हे उत्तर मला माहीत होतं, पण ते मोजून मात्र कधी पाहिलं नव्हतं. म्हणजे बघा, तुम्ही अंदाज ठोकलात, मी कुठेतरी वाचलेलं लक्षात ठेवलं. आपल्या तिघांत गणित केलंय ते फक्त तुमच्या मुलीने.

तेव्हा बाकीचं सगळं नंतर. आधी तिच्याकडे जा आणि तीन वाक्यं बोला. "तुझं बरोबर होतं. माझं चुकलं होतं. आणि ते मला त्याच रात्री कळलं होतं, तरी मी तुला सांगितलं नाही." तिसरं वाक्य घशात अडकेल, पण तेच गाळू नका. मोठी माणसं चुकतात हे दहा वर्षांच्या मुलीला पक्कं ठाऊक असतं. बाबा रात्री एकटे बसून ताळा करून पाहतात, ही मात्र तिच्यासाठी बातमी असेल. शेवटी "पण तूसुद्धा गृहपाठ वेळेवर..." असलं शेपूट जोडू नका. त्याऐवजी तिला विचारा, "दोन वेळा कमी कुठे पडल्या, मला दाखवशील?"

ती दाखवेल. त्याआधी तुम्हाला थोडं पाहून ठेवायचं असेल तर सांगते. बारा वाजता दोन्ही काटे एकमेकांवर असतात. पुढची भेट एक वाजता नाही, कारण तेव्हा मोठा काटा बारावर असतो. एक वाजून पाच मिनिटांनी तो एकच्या आकड्यावर पोचतो, पण तोवर लहान काट्याने तिथून पाय काढलेला असतो. थोडासाच, पण काढलेला असतो. त्याला गाठायला मोठ्याला आणखी सत्तावीस सेकंद लागतात. मग दुसरी भेट दोन वाजून दहा मिनिटं आणि पंचावन्न सेकंदांच्या सुमारास, तिसरी तीन वाजून सोळा मिनिटं आणि वर काही सेकंद. भेट दर वेळी थोडी थोडी उशिरा. दहाच्या तासातली भेट १० वाजून ५४ मिनिटं ३३ सेकंदांना होते. आणि मग अकरा वाजतात. अकराच्या तासात मोठा काटा धावतोय, धावतोय, आणि गाठतो कधी? बरोबर बाराच्या ठोक्याला. म्हणजे ती भेट बाराच्या खात्यात जमा. अकराचा तास कोराच जातो.

आपण चोवीस म्हणतो तेव्हा हा कोरा तास आपल्याला दिसत नाही. दिवसातून दोनदा तो येतो, म्हणून बावीस.

हेच न मोजताही दिसतं. बारा तासांत मोठा काटा बारा फेऱ्या मारतो, लहान एक. मैदानावर दोघं एकाच रेषेवरून एकाच वेळी पळायला सुटले, एकाने बारा फेऱ्या मारल्या आणि दुसऱ्याने एक, तर पहिला दुसऱ्याला किती वेळा गाठेल? त्याची आघाडी बारा वजा एक, म्हणजे अकरा फेऱ्यांची. दर फेरीच्या आघाडीला एक गाठ. अकरा गाठी सकाळी, अकरा संध्याकाळी, झाले बावीस.

वाचताना त्या कोऱ्या तासापाशी क्षणभर का होईना रेंगाळलात का? 'अरेच्चा' असं काही मनात आलं का? आलं असेल तर तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळालं. या वयात मजा दिसते. खरं तर तुम्हाला ती त्या रात्रीच दिसली होती. नाहीतर झोपायचं सोडून कोणी बंद घड्याळाची कळ फिरवत बसतं का?

आता हा प्रश्न इथेच सोडू नका. रोज एक नवी गंमत शोधायची आणि मुलीला ऐकवायची, असं बरेच पालक करतात. दोन आठवड्यांत दोघंही कंटाळतात. माझं म्हणणं उलटं आहे. हाताशी आलेला एकच प्रश्न धरायचा आणि तो नेईल तिथवर त्याच्या मागे जायचं. तुमच्या मुलीचा प्रश्न फार लांब जातो.

दोन सारखी नाणी घ्या. एक टेबलावर बोटाने घट्ट दाबून धरा. दुसरं त्याच्या वरच्या कडेला टेकवून असं ठेवा की त्यावरचा आकडा सरळ दिसेल. आता हे दुसरं नाणं पहिल्याच्या कडेकडेने, घसरू न देता, गडगडत न्या. अर्धी फेरी झाली, नाणं खाली पोचलं, की आकडा उलटा दिसेल अशी आपली खात्री असते. दोघांचा घेर सारखा, तेव्हा अर्ध्या फेरीत अर्धी गिरकी. करून पाहा. आकडा सरळ असतो! पूर्ण फेरीत नाणं एक नाही, दोन गिरक्या घेतं. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा नाणं घसरलं असेल म्हणून चार वेळा पुन्हा केलं. चौथ्या वेळी नाण्याच्या कडेला पेनाची खूण केली. तरी दोनच.

ही जास्तीची गिरकी आली कुठून? टेबलाभोवती एक चक्कर मारा, सरळ पुढे बघत चालल्यासारखी. सुरुवातीला तोंड खिडकीकडे होतं, मग दाराकडे झालं, मग भिंतीकडे, आणि परत खिडकीकडे. टेबलाभोवती फिरता फिरता तुम्ही स्वतःभोवतीही एकदा फिरलात. नाण्याचंही तेच. गडगडण्याची एक गिरकी आणि वळसा घालण्याची एक.

या एका जास्तीच्या गिरकीने एकदा मोठी फजिती केली आहे. १९८२ साली अमेरिकेतल्या महाविद्यालयीन प्रवेशाच्या एका मोठ्या परीक्षेत प्रश्न आला होता. लहान वर्तुळाची त्रिज्या मोठ्याच्या एक तृतीयांश आहे. लहान वर्तुळ मोठ्याभोवती गडगडत जाऊन निघाल्या जागी परत आलं, तर त्याच्या गिरक्या किती झाल्या? खाली पाच पर्याय. प्रश्न काढणाऱ्यांच्या मते उत्तर तीन. खरं उत्तर चार, आणि चार हा पर्याय यादीत नव्हताच. परीक्षेला सुमारे तीन लाख विद्यार्थी बसले होते. त्यांतल्या तिघांनी पत्र लिहून कळवलं की तुमचं चुकतंय. तिघांनी! शेवटी तो प्रश्न रद्द करून गुण नव्याने मोजावे लागले. हा किस्सा मुलीला जरूर सांगा. मोठ्यांनी छापलेल्या उत्तरापेक्षा स्वतः मोजलेलं खरं मानणारी ती एकटीच नाही, हे तिला कळायला हवं. तुमच्याकडून कळलं तर फारच बरं.

अजून एक मुक्काम बाकी आहे. पृथ्वी स्वतःभोवती एक गिरकी किती वेळात घेते? चोवीस तास, असं आपण घोकलेलं असतं. (तुम्हाला चोवीस या आकड्याचा आता जरा संशय यायला लागला असेल.) खरी गिरकी २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांची असते. तेवढ्या वेळात पृथ्वी सूर्याभोवतीच्या वाटेवर थोडी पुढे गेलेली असते, म्हणून सूर्य पुन्हा समोर यायला तिला आणखी जवळजवळ चार मिनिटं वळावं लागतं. मोठ्या काट्याला पाच मिनिटांवर ते सत्तावीस सेकंद लागत होते ना, तसंच. ही चार-चार मिनिटं वर्षभर साठत जातात आणि त्यांची एक अख्खी गिरकी होते. वर्षाचे दिवस ३६५, पण गिरक्या ३६६.

हेही घरी तपासता येतं. रात्री एका ठरावीक जागी उभं राहा आणि एखादा ठळक तारा समोरच्या इमारतीच्या कडेआड कधी जातो ती वेळ लिहा. तारा हवा, ग्रह नको, म्हणजे लुकलुकणारा निवडा. दुसऱ्या रात्री तो चार मिनिटं आधी जाईल. आठवड्याने जवळपास अर्धा तास आधी. आभाळ स्वच्छ नसेल तर थांबावं लागेल, पण घाई कुणाला आहे? दहा वर्षांच्या मुलीने जुन्या घड्याळाची कळ फिरवून जे पाहिलं तेच छपरावर घडताना तुम्ही दोघं पाहाल.

आता तुमच्या तापाबद्दल. मलाही शाळेत एक मास्तर होते. गणित फळ्यावर सोडवताना मधेच कोणी "का?" विचारलं की ते म्हणायचे, "पुढची पायरी बघ." त्यांना वाईट म्हणत नाही, वर्गात साठ मुलं आणि अभ्यासक्रम संपवायचा. पण वर्षानुवर्षं फक्त पुढची पायरी बघितली की माणसाला वाटू लागतं, गणित म्हणजे दुसऱ्याने बांधलेला जिना. आपलं काम चढायचं, आणि पाय घसरला की हसू व्हायचं. वेगाने आणि न चुकता आकडेमोड करणं हे एक कसब आहे, टायपिंगसारखं. ते नसलं म्हणून कुतूहल नसतं असं थोडंच आहे. तुमची भीती आकडेमोडीची होती, आणि तिच्यासोबत तुम्ही सगळंच सोडून दिलंत.

एक सवय मात्र आजपासून मोडा. तुम्ही तसं लिहिलं नाहीत, पण पैज लावते की घरात अधूनमधून म्हणत असाल, "बाबांना गणित जमत नाही बरं का." हसत हसत म्हणतो आपण. वाचता येत नाही असं कुणी हसत सांगत नाही, गणिताचं मात्र बिनदिक्कत सांगतो. आणि मुलं ते वाक्य उचलतात.

'जमत नाही' या शब्दांवरून एक खेळ आठवला. कागदावर चौकोन काढा आणि त्याचे दोन्ही कर्ण जोडा. ही आकृती पेन न उचलता आणि कुठलीही रेघ दोनदा न गिरवता काढायची. बसा. दहा मिनिटं, वीस मिनिटं. नाही जमणार. आता याच चौकोनाच्या डोक्यावर त्रिकोणी छप्पर चढवा, म्हणजे घर होईल. दोन रेघा वाढल्या, तेव्हा काम अवघड व्हायला हवं. पण आता जमतं! खालच्या एका कोपऱ्यातून सुरुवात करा, दुसऱ्या खालच्या कोपऱ्यात संपेल. वरून सुरुवात केलीत तर पुन्हा अडाल.

का ते पाहा. वाटेत लागणाऱ्या प्रत्येक कोपऱ्यात पेन एका रेघेने आत येतं आणि दुसऱ्या रेघेने बाहेर पडतं. म्हणजे रेघा जोडीजोडीने वापरल्या जातात. ज्या कोपऱ्याला विषम रेघा आहेत तिथे एक रेघ बिनजोडीची उरते, तेव्हा तो कोपरा एक तर सुरुवातीचा असावा लागतो किंवा शेवटचा. असे कोपरे जास्तीत जास्त दोनच परवडतात. नुसत्या चौकोनात चारही कोपऱ्यांना तीन-तीन रेघा, म्हणून खेळ संपला. छप्पर चढवल्यावर वरच्या दोन कोपऱ्यांना चार-चार होतात आणि विषम उरतात फक्त खालचे दोन.

लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने १७३६ साली हाच विचार क्योनिग्सबर्ग शहराच्या सात पुलांसाठी मांडला होता. प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सगळे पूल फिरता येतील का, असा तिथल्या लोकांचा प्रश्न होता. उत्तर आलं, नाही. 'आम्हाला अजून सापडलं नाही' असं नव्हे, कुणालाच कधी सापडणार नाही. मला गणितातली ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडते. दुसऱ्या कुठल्या विषयात 'हे होणे नाही' असं इतक्या ठामपणे सांगता येतं? आणि तुम्ही इतकी वर्षं 'हे मला जमत नाही' म्हणत होता, त्यातली काही गणितं कदाचित मुळात चुकीची मांडलेली असतील, त्या प्रवेश परीक्षेतल्या प्रश्नासारखी. सगळी नाही म्हणत मी. काही.

प्रवासात, रांगेत, कुणाची वाट बघताना करायला काहीतरी हवं असेल तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांचा आकडा घ्या. १९०५ ते १९८६ हा त्यांचा काळ. देवळालीला शाळेत शिकवायचे, गणितातलं पदव्युत्तर शिक्षण नाही, संख्यांचं वेड मात्र अफाट. १९४९ साली त्यांनी ही गोष्ट मांडली. चार अंकी संख्या घ्यायची, चारही अंक एकच नकोत. अंक मोठ्याकडून लहानाकडे लिहायचे, मग लहानाकडून मोठ्याकडे, आणि वजाबाकी करायची. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. १९७८ घेतलं तर ९८७१ वजा १७८९, उत्तर ८०८२. मग ८८२० वजा ०२८८, उत्तर ८५३२. मग ८५३२ वजा २३५८, उत्तर ६१७४. पुढे? ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४. तिथेच मुक्काम. कुठलीही संख्या घ्या, सात पायऱ्यांच्या आत ६१७४ येणारच. मधे तीन अंकी उत्तर आलं तर पुढे शून्य लावायचं, एवढंच सांभाळा.

इथेही लगेच दुसऱ्या संख्येवर उडी मारू नका. एका गोष्टीवर नजर ठेवा. वजाबाकीचं उत्तर फक्त दोन फरकांवर अवलंबून असतं. सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान अंक यांच्यातला फरक गुणिले ९९९, अधिक मधल्या दोन अंकांतला फरक गुणिले ९०. पहिला फरक एक ते नऊ, दुसरा शून्यापासून पहिल्याइतका. सगळ्या जोड्या मोजल्या तर भरतात चोपन्न. म्हणजे सुरुवात हजारो संख्यांपैकी कुठूनही करा, पहिल्याच पायरीला या चोपन्न जोड्यांपैकी एकीत येऊन पडता. चोपन्न म्हणजे किती, वहीची दोन पानं. एका रविवारी दोघं मिळून सगळ्याच्या सगळ्या तपासू शकता. मग 'कुठलीही संख्या घ्या' हे तुम्हाला माझ्या भरवशावर मानावं लागणार नाही.

आता मुलीशी वागायचं कसं. तिला गणित शिकवायला जाऊ नका. ते काम शाळा करते आहे, बरं-वाईट जसं असेल तसं. तुम्ही तिच्यासमोर अडकत जा. "हे असं का होतंय मला कळत नाहीये" हे वाक्य घरात मोठ्या माणसाच्या तोंडून ऐकू येऊ दे, आणि ते खोटं नको. उत्तर ठाऊक असलेला प्रश्न आपण भोळेपणाचा आव आणून विचारला की मुलांना लगेच वास येतो. ती तोंडी परीक्षा होते. फिरायला गेल्यावर "सांग बरं, सतरा गुणिले सहा?" हा प्रकार तर पूर्ण बंद. फिरायला गेल्यावर फिरा.

खरोखर न कळणारे प्रश्न मिळायला लांब जावं लागत नाही. बसचं घ्या. बस सरासरी दहा मिनिटांनी येते असं म्हणतात, मग सरासरी पाच मिनिटं थांबावं लागायला हवं, पण आपल्या नशिबी नेहमी जास्तच. नशिबाचा संबंध नाही. समजा बसमधलं अंतर एकदा पाच मिनिटं आणि एकदा पंधरा मिनिटं असं आलटून पालटून आहे. सरासरी दहाच. पण तुम्ही कधीही थांब्यावर गेलात तरी पंधरा मिनिटांच्या पोकळीत सापडण्याची शक्यता तिप्पट, कारण ती पोकळीच तिप्पट मोठी. हिशेब केला तर सरासरी थांबणं सव्वासहा मिनिटं येतं.

आणि हा 'सव्वा' पाहा. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच. अपूर्णांकांचा धडा सुरू व्हायच्या कितीतरी आधी मूल 'पावणेपाच' अगदी बिनचूक म्हणतं. वजाबाकी तर आपल्या आकड्यांच्या नावातच दडून बसली आहे. एकोणतीस म्हणजे तिसाला एक उणा, एकोणनव्वद म्हणजे नव्वदाला एक उणा. मग नव्व्याण्णवला 'एकोणशंभर' का म्हणत नाहीत? तुमची मुलगी हे विचारेल तेव्हा मोबाइल खाली ठेवा, एवढीच विनंती.

छपाईचा कागदही सोडू नका. ए-४ कागद मधोमध दुमडला तर आकार निम्मा होतो, पण ठेवण तीच राहते. लांबी आणि रुंदीचं गुणोत्तर बदलत नाही. अशी ठेवण एकच आहे, दोनाच्या वर्गमुळाइतकी, आणि २९७ भागिले २१० मिलिमीटर करून पाहिलं तर तेच येतं. गेऑर्ग क्रिस्टोफ लिख्टेनबर्ग या जर्मन प्राध्यापकाने १७८६ मध्ये एका पत्रात लिहिलंय की त्याने एका विद्यार्थ्याला असा कागद शोधायचं गणित घातलं. उत्तर मिळाल्यावर लिख्टेनबर्ग स्वतः कात्री घेऊन साधा लिहायचा कागद त्या मापात कापायला बसला, तर कागद आधीपासूनच त्या ठेवणीचा निघाला. त्या क्षणी त्याचा चेहरा कसा झाला असेल, याचा मी पुष्कळदा विचार करते.

गुणांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असेलच. यातल्या कशाने पुढच्या चाचणीत गुण वाढतील असं मी म्हणणार नाही. पाढे पाठ करावे लागतात, भागाकार हात बसेपर्यंत करावे लागतात, आणि 'पाढ्यांची आता गरज नाही' म्हणणाऱ्यांशी माझं अजिबात जमत नाही. सात नव्वे किती यावर दर वेळी अडलं तर त्या चोपन्न जोड्यांपर्यंत कोण पोचणार? ते ती शाळेच्या वेळात करेल. त्या वेळात तुम्ही नाक खुपसू नका, आणि या वेळात गृहपाठ आणू नका.

ती लगेच खुलेल अशी अपेक्षाही नको. महिनाभर गप्प राहिलेली मुलगी एका माफीने बोलायला लागत नाही. कदाचित ती नुसतं "हं" म्हणेल आणि जाईल. जाऊ दे. तुम्ही घड्याळ टेबलावर ठेवा आणि आपल्यापुरते मोजायला लागा. या वेळी प्रश्न थोडा वेगळा घ्या. दिवसभरात दोन्ही काटे एकमेकांशी काटकोन किती वेळा करतात? घाईने अठ्ठेचाळीस लिहून मोकळे होऊ नका. मला उत्तर माहीत आहे, पण तुम्हाला कळवणार नाही. मोजताना कुठेतरी घोटाळा होईल, दोनची वेळ मोजली की तीनची ते आठवणार नाही, वहीतल्या खुणा जुळणार नाहीत. तेवढ्यात ती मागे येऊन उभी राहिली तर खुर्चीवरून उठा आणि कळ तिच्या हातात द्या.